पोटोबाची पेटी : दर मिनिटाला एक अंडं

(नारायण पेठेत ३१ वर्षं उपाहारगृह चालवून आता घरी बसलेले आमचे काका दर महिन्याला वाचकांच्या खाण्यापिण्याच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. मी २४ वर्षांचा, कोथरूडला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. बाणेरच्या एका कॅफेत 'ब्रेकफास्ट चॅलेंज' आहे. एका भल्यामोठ्या ट्रेमध्ये ८ फ्राय अंडी, ६ चिकन सॉसेज, ६ बेकनच्या पट्ट्या, डबाभर बेक्ड बीन्स, ४ हॅश ब्राउन, ८ बटर टोस्ट, मश्रूम, परतलेले टोमॅटो, ३ पॅनकेक आणि वर अर्धा लिटर मिल्कशेक. एकट्यानं ४५ मिनिटांत संपवलं तर सगळं फुकट, शिवाय टी-शर्ट आणि भिंतीवर फोटो. नाही संपलं तर १८०० रुपये. भिंतीवर आत्तापर्यंत चारच फोटो आहेत. ऑफिसातल्या मित्रांशी पैज लागलीय, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी जायचंय. तयारी कशी करू? आदल्या दिवशी कडकडीत उपास करू का? एक मित्र म्हणतो, आठवडाभर रोज सकाळी चार-पाच लिटर पाणी एकदम पिऊन पोट ताणून घे. कृपा करून लेक्चर देऊ नका, ते घरी आई देतेच आहे. (मला आठवड्यातनं दोनदा-तीनदा ॲसिडिटीची गोळी घ्यावी लागते, पण तसं काही विशेष नाही.)
– अ., कोथरूड

उत्तर : नाही देत लेक्चर. मी अशीच पैज हरलेला माणूस आहे, मला ते शोभणार नाही.

साल १९७८. आमच्या घरात अंड्याचं नाव घ्यायचीही चोरी, आजी त्याला 'ते पांढरं' म्हणायची. पेठेतल्या पोरांना अंडं खायचं तर सायकल काढून क्वार्टर गेट ओलांडायचं आणि कॅम्पातल्या इराण्याकडे जायचं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बशीत सांडलेला चहा. तिथं पैज लागली : डबल ऑम्लेट चार आणि बन मस्का बारा, एका तासात. हरणाऱ्यानं सगळ्यांचं बिल भरायचं.

ऑम्लेटं पंधरा मिनिटांत साफ. सहा बनही गेले. नववा बन हातात घेतला तेव्हा पोटात जागा होती, हे मला आजही स्वच्छ आठवतं. पण तोंड मिटलं. चावलेला घास गालात एका बाजूला जाऊन बसला. ओला होईना, खाली सरकेना. लोणी टाळूला चिकटलेलं, त्याचा गोडसर वास नाकात. बन चहात बुडवला तर तो चहा पिऊन आणखीच टम्म फुगला. समोर मित्र घड्याळ धरून बसलेला आणि मला जगात एकच गोष्ट हवी होती – लिंबाच्या लोणच्याची एक फोड. इराण्याकडे कुठलं आलंय लोणचं! अडीच बन राहिले, पैज गेली. खिशात पैसे पुरेना म्हणून मनगटावरचं घड्याळ गल्ल्यावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सोडवून आणलं. येताना सायकलवर बसवेना. हँडल धरून क्वार्टर गेटपासून अख्खा लक्ष्मी रोड चालत आलो. सोन्या मारुती चौकात एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "पंक्चर का रे?" मी 'हो' म्हटलं.

ती लोणच्याची फोड मी विसरलो नाही. पुढे धंद्यात पडल्यावर कळलं की त्या दिवशी माझं पोट आधी हरलंच नव्हतं, तोंड हरलं होतं. आपल्याकडे याला तोंडपालट असा साधा शब्द आहे. बार्बरा रोल्स या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यावर प्रयोग करून दाखवले : एकाच चवीचं खात राहिलं की त्या चवीचा कंटाळा येतो, हात थांबतो, पण दुसरी चव समोर आली की माणूस पुन्हा खायला लागतो. आपल्या पंगतीत ही विद्या ताटातच मांडलेली असायची. उजवीकडे भाजी, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, आणि जिलबीबरोबर मठ्ठा. मठ्ठा नसता तर जिलबीची पैज कुणी पंधरावर जिंकली नसती. आंबट-खारट घोट घेतला की तोंड कोरं, पुढची जिलबी पहिल्यासारखी.

आता तुझा ट्रे बघू. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अंडी ४०० ग्रॅम, सॉसेज ३००, बेकन १००, बीन्स ४००, हॅश ब्राउन आणि टोस्ट मिळून पावणेपाचशे-पाचशे, मश्रूम-टोमॅटो साडेतीनशे, पॅनकेक तीनशे. शेक सोडून सव्वादोन किलोच्या वर. त्याला ४५ नं भाग. दर मिनिटाला ५० ग्रॅम, म्हणजे एक अंडं. पाणी प्यायला थांबायचं नाही, मित्राच्या विनोदाला हसायचं नाही, पाऊण तास दर मिनिटाला एक अंडं. घरी एकदा घड्याळ लावून पाच मिनिटं करून बघ. पाचच. मग बोलू.

कॅलरी धरल्या तर साडेचार-पाच हजार, म्हणजे तुझी दोन दिवसांची शिदोरी. आणि तरी इंग्लंडच्या मानानं तुझा कॅफे भिडस्त आहे. ही न्याहारी मुळात तिकडची. तिथं ग्रेट यार्मथ नावाच्या समुद्रकाठच्या गावात एका कॅफेनं चार किलोच्या आसपासची न्याहारी काढली होती, किंमत १५ पौंड, तासाभरात संपवली तर फुकट. नाव ठेवलं 'किड्झ ब्रेकफास्ट'. लहान मुलांसाठी म्हणून नव्हे, लहान मुलाएवढं वजन म्हणून! आपणही मागे नाही म्हणा. २०२१ च्या सुरुवातीला वडगाव मावळच्या एका हॉटेलनं चार किलोची मांसाहारी थाळी तासात संपवणाऱ्याला बुलेट देऊ केली होती आणि भर करोनातही रांगा लागल्या होत्या.

आता तुझे प्रश्न. उपास करू नकोस. दिवसभर रिकामं राहून गेलास तर पहिली दहा मिनिटं वाघासारखा तुटून पडशील आणि तिथंच ठसका लागेल. आदल्या दिवशी नेहमीसारखं जेव, रात्री मुगाची खिचडी आणि ताक, सकाळी कपभर चहा. पाण्याचं खूळ तर मनातूनसुद्धा काढून टाक. थोड्या वेळात चार-पाच लिटर पाणी पोटात गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. अमेरिकेत सॅक्रामेंटोला २००७ मध्ये एका रेडिओ केंद्रानं पाणी पिण्याची पैज लावली होती, त्यात २८ वर्षांची एक बाई गेली. तीन मुलांची आई होती. तुझ्या त्या मित्राला हे वाचून दाखव आणि चहा त्याच्याकडून घे.

खायचा क्रम महत्त्वाचा. पोरं हमखास टोस्टनं सुरुवात करतात कारण तो हाताशी असतो. चूक! आधी अंडी, कारण फ्राय अंडं गार झालं की पांढऱ्याचं रबर होतं आणि पिवळा भाग दाताला चिकटतो. मग सॉसेज नि बेकन, गरम आहेत तोवर. टोस्ट कोरडा खायचाच नाही, बीन्सच्या रश्श्यात बुडवून मऊ करून घ्यायचा. बन मस्क्याला मी चहात बुडवून फसलो ते यासाठी की मी तो तसाच तोंडात घातला. जपानच्या ताकेरू कोबायाशीनं २००१ मध्ये १२ मिनिटांत ५० हॉट डॉग खाऊन तोवरचा विक्रम दुप्पट केला, तो बन पाण्यात बुडवून पिळून काढायचा. पिळायचं मला कुणी सांगितलंच नाही. पॅनकेक शेवटी गोड म्हणून राखून ठेवू नकोस. दर पाच-सात मिनिटांनी खारटावर एक तुकडा गोड घे, मध्ये टोमॅटोची आंबट फोड. हाच तुझा मठ्ठा. टोमॅटो एकदम संपवलेस तर तिसाव्या मिनिटाला तुला माझ्या लोणच्याची आठवण होईल. आणि मिल्कशेकचे घोट छोटे. तोही पोटात जागा खातो.

पहिली वीस मिनिटं फार सोपी वाटतील. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला साधारण तेवढा वेळ लागतो. तोवर मित्र टाळ्या पिटतात, पैज लावणारा बढाया मारतो. मग एकदम भिंत येते. त्या चार फोटोंतले चौघे सोडून बाकी सगळे तिथंच आपटले असणार.

कॅफेवाल्यालाही ते ठाऊक आहे. मी गल्ल्यावर आयुष्य काढलं, त्याचा हिशेब मला पाठ आहे. माल साधारण ८५०–९०० रुपयांचा. दहांतला एक जिंकला तरी नऊ जणांचे १८०० प्रमाणे १६,२०० येतात, दहा ट्रेचा माल ९००० धर. शिवाय प्रत्येकाबरोबर चार मित्र येतात, कॉफ्या मागवतात, फोटो काढून जाहिरात फुकटात करतात. यात त्याची लबाडी काही नाही, मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. फक्त 'फुकट' या शब्दावर जाऊ नकोस. १८०० रुपयांचं तिकीट काढून नाटकाला निघालायस असं समज, आणि नाटक तूच करणार आहेस.

आता त्या कंसातल्या वाक्याकडे येतो. पत्राच्या शेवटी कंसात जे लिहिलेलं असतं तेच खरं पत्र असतं, हे मी या सदराच्या पहिल्या वर्षात शिकलो. आठवड्यातनं दोनदा-तीनदा गोळी म्हणजे 'विशेष नाही' नव्हे बाबा. तुझ्या अन्ननलिकेचं दार आधीच सैल आहे. त्यावर बेकनचं तेल, बटर आणि टोमॅटोचं आंबट, सगळं पोटात गळ्यापर्यंत कोंबलेलं. रात्री आडवा झालास की ते वर येणार. तू जिंकशीलही, पण सोमवारचा दिवस तुझा नसेल. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो : तू ही पैज घेऊ नकोस. आधी एकदा पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये.

आणि जे घेतात त्यांचंही बघ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये एक पैजखाऊ आणि एक साधा खवय्या घेतला, दोघांना हॉट डॉग खायला घातले आणि क्ष-किरणांखाली पोटं बघत बसले. साधा माणूस सातावर थांबला. पैजखाऊ छत्तिसापर्यंत गेला तेव्हा डॉक्टरांनीच हात जोडले. त्याचं पोट आकुंचन पावेचना, नुसती ढिली पिशवी होऊन बरगड्यांखाली पसरली होती, आणि तो म्हणत होता, मला अजून भरल्यासारखं वाटत नाही. डॉक्टरांना भीती ही की अशी पिशवी एक दिवस परत आवळायचीच बंद होते. तो कोबायाशी, त्यानं २०२४ मध्ये सांगितलं की आता त्याला भूक लागल्याचंही कळत नाही. तू कोथरूडचा मुलगा आहेस. सकाळी पोह्यांच्या फोडणीचा वास आला की भूक लागणं, ही गोष्ट मी तरी टी-शर्टवर विकणार नाही.

तू जाशील हे मला माहीत आहे, म्हणून एवढं तरी कर. शेजारी असा मित्र बसव की ज्याला घास अडकल्यावर काय करायचं ते येतं. घास नुसता अडला तर माणूस खोकतो. खोकतोय तोवर खोकू द्यावं. पूर्ण अडकला की आवाजच बंद होतो, हात गळ्याकडे जातो, आणि भोवतालचे लोक तो गंमत करतोय असं समजून हसत राहतात. अशा वेळी पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार रट्टे. नाही निघाला तर मागून मिठी घालून, मूठ बेंबीच्या वर ठेवून, आत-वर असे पाच झटके. पुन्हा रट्टे, पुन्हा झटके, आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा. केरळात पालक्काडजवळ वाळयार इथं सप्टेंबर २०२४ मध्ये ओणमच्या निमित्तानं इडली खाण्याची स्पर्धा झाली. ४९ वर्षांचा माणूस, घशात इडली अडकून गेला. इडली! आजाऱ्याला देतो आपण ती, मऊ म्हणून.

परतताना गाडी तू चालवू नकोस.

प्रश्न : काका, माझं सिंहगड रोडला छोटं नाश्ता सेंटर आहे. पोहे, उपमा, मिसळ, साबुदाणा खिचडी. मुलगा आणि त्याचे मित्र मागे लागलेत की 'बकासुर मिसळ चॅलेंज' सुरू करू. परातीएवढी मिसळ, २० स्लाइस, २० मिनिटं. रील्स होतील, गिऱ्हाईक वाढेल. मला भीती वाटते, पण मुलाला नाही म्हणवत नाही. नियम काय ठेवावेत?
– सौ. म., वडगाव बुद्रुक

उत्तर : ताई, पहिली गोष्ट नावाची. बकासुराच्या गोष्टीत गाडाभर अन्न भीमानं खाल्लं. बकासुर बिचारा उपाशीच मेला. बोर्ड रंगवायच्या आत मुलाला हे सांगा.

दुसरं म्हणजे तुमची भीती बरोबर आहे. मी १९९६ मध्ये हेच केलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत धंदा मंदावला, म्हणून दारात खडूनं फळा लिहिला : दहा प्लेट पुरीभाजी संपवा, पैसे देऊ नका. आठवडाभर गर्दी उसळली, मी खूश. अकराव्या दिवशी कॉलेजातला एक मुलगा, अंगानं काडी, आला आणि सात प्लेटपर्यंत गेला. आठवीची पहिली पुरी फोडली, वाफ आली, ती त्याच्या नाकात गेली असावी. उठला, बाहेर गेला, आणि शेजारच्या छत्रीवाल्याच्या पायरीवर सगळं ओकला. पावसाळा तोंडावर, छत्र्यांचा सीझन, सकाळी अकराची वेळ. मी आणि माझा पोऱ्या बादल्या घेऊन पायरी धुतोय आणि आतून गिऱ्हाइकं निम्म्या बश्या टाकून बाहेर पडतायत. छत्रीवाले दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. गणपतीत प्रसाद घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, "पुरीभाजी नाही ना?" फळा त्याच दिवशी पुसला होता.

नाश्त्याच्या दुकानात माणूस दुसऱ्याला खाताना बघून खातो, ताई. शेजारच्या टेबलावर एक जण घाम पुसत, डोळे वटारत गिळताना दिसला की साध्या गिऱ्हाइकाचा घास उतरत नाही. रील बघणारे हजार असतील, पण रोज सकाळी एक प्लेट पोहे खाणारा रिक्षावाला हे तुमचं खरं गिऱ्हाईक. ते तुटता कामा नये.

आणि मिसळ तर पैजेसाठी अगदीच नको. तर्री म्हणजे वरचं तिखट तेल. घाईघाईनं गिळताना ती श्वासात गेली तर जो ठसका लागतो त्यानं मोठा माणूस लाल होतो. फरसाण कोरडं, त्यावर कच्चा कांदा, त्यात मोकळी शेव, आणि गिळायला २० मिनिटं. वेळेचं बंधन हाच सगळ्या अपघातांचा बाप आहे.

मुलगा ऐकतच नसेल तर घड्याळ काढून टाका. 'संपेपर्यंत बसा' असं ठेवा. जो दीड तास बसून खाईल तो चहाही दोनदा घेईल, आणि त्याला धोकाही कमी. अठराच्या आतल्यांना घेऊ नका. साखर, रक्तदाब किंवा पोटाचं ऑपरेशन असेल तर नाही म्हणजे नाही, मग तो कितीही छाती काढो. 'माझी जबाबदारी माझ्यावर' असं लिहून घेतलेला कागद मुलगा सुचवेल. त्या कागदावर वडे तेल टिपायला ठेवा, तेवढाच उपयोग. उरलेलं बांधून न्यायला डबा द्या. हरलेल्यानं टाकलेलं अन्न कचऱ्याच्या बादलीत ओतणं तुम्हाला जमणार नाही, मला जमलं नव्हतं.

त्यापेक्षा मी एक सुचवू? पुण्यात मिसळीबरोबर पाव नव्हे, स्लाइस देण्याची जुनी रीत आहे. नारायण पेठेतल्या बेडेकरांकडे आजही ब्रेडच मिळतो आणि लोक रविवारी सकाळी रस्त्यावर नंबर लावून उभे असतात. तिथं कुणी परात लावलेली नाही. तुमचा रस्सा कसा आहे? तो चांगला असेल तर 'रस्सा हवा तेवढा' एवढीच पाटी लावा. रस्सा मागणारा माणूस स्लाइस मागतोच, आणि स्लाइसला पैसे घ्या. हे पैजेइतकं दिसायला भारी नाही, मुलगा नाक मुरडेल. त्याला म्हणावं, रील रश्श्याचा काढ. पातेल्यावर तर्री फुटताना जवळून धर, उकळी येताना कडेला लाल आणि मध्ये तपकिरी होते, तेव्हा. मीही तो बघेन. मला नातवानं फोनवर ते लावून दिलंय.

प्रश्न : आजच्या मुलांचं हे चॅलेंज वगैरे बघून हसू येतं. आमच्या वेळी कार्यालयातल्या पंगतीत एकेक जण जेवण झाल्यावर ६०–७० जिलब्या सहज उठवायचा. ते साजूक तूप, ती माणसं! आपण इतकी वर्षं धंद्यात होतात, आपण पाहिलं असेल. हे खरं की नाही, एकदा छापून टाका.
– एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : छापतो, पण तुम्हाला आवडेलच असं नाही.

पंगतीतली जिलबी म्हणजे हलवायाकडचं जाड कडं नव्हे. २५ ग्रॅमच्या आसपास वजन, पातळ, पाकातून निथळून आलेली. साठ म्हणजे दीड किलो. अशक्य नाही, वर सांगितलेल्या ट्रेपेक्षा कमीच. शिवाय मठ्ठा होता, घड्याळ नव्हतं, आणि त्या माणसानं आदल्या महिन्याभरात गोडाचा कण पाहिलेला नसायचा. तेव्हा साठ जिलब्या खाणारे असतील. मी मात्र पाहिले नाहीत.

मी पाहिला तो आकडा वाढताना. माझ्या एका चुलत काकांची ख्याती होती, भिकारदास मारुतीजवळच्या एका लग्नात त्यांनी जिलब्यांची पैज मारली होती. मी लहान होतो तेव्हा तो आकडा ४१ होता. माझ्या मुंजीत ५२ झाला. माझ्या लग्नात, काका स्वतः समोर बसलेले असताना, दुसऱ्याच कुणीतरी ७५ सांगितला आणि काकांनी दुरुस्त केला नाही, फक्त मान हलवून मिशी पुसली.

काका गेल्यावर एकदा काकूंकडे बसलो होतो. विषय निघाला, मी मुद्दाम विचारलं, खरे किती? काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अडतीस. वाढपी माझा मावसभाऊ होता. त्यातल्या सहा मोडक्या. आणि दोन दिवस सुंठ-गुळावर होते, ते कुणी सांगत नाही."